स्वयंपाकघरातला विमा एजंट

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे लिहिण्यापुरता. गुडघ्यामुळे आठातली दोन अंगं हल्ली जमिनीला टेकत नाहीत, तेवढी सूट दे.) तुझा खोकला गेला का? भाऊजींचा चष्मा सापडला का, की अजून तुलाच पेपर वाचून दाखवावा लागतो? इकडे सर्व ठीक. तुझी भावजय ठणठणीत आहे आणि रोज त्याचा पुरावा देते. दुकान चालू आहे, हात चालू आहेत. फक्त डोक्यात एक भानगड झाली आहे, ती लिहायला बसलो आहे. चहा करून घे आणि मग वाच, कारण मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो.

तुला माहीतच आहे, चौतीस वर्षांत मी गिऱ्हाइकाचं माप कधी वहीत लिहिलं नाही. आमच्या वस्तादांची शिस्तच तशी होती. टेप लावायचा, आकडा मनात म्हणायचा आणि माणसाच्या तोंडाकडे बघत तो आत ठेवून द्यायचा. वही ठेवणाऱ्या शिंप्याला ते कारकून म्हणत. मला माणसांची नावं राहत नाहीत, मापं राहतात. (तुझ्या भावजयीला पहिल्यांदा बघून आलो, तेव्हा दुसऱ्या दिवशी मला तिचं नाव आठवेना, पण खांदा साडेचौदा हे पक्कं होतं. हे तिला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.) तर यंदा काय झालं, दातांच्या डॉक्टरांची पँट मी बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याच्या कमरेची कापली आणि ट्रम्पेटवाल्याची डॉक्टरांच्या. डॉक्टर ट्रायलला पडद्याबाहेर आले, आरशासमोर दोन्ही हात वर केले आणि पँट सरळ घोट्यापर्यंत गेली. बाकावर त्यांचेच दोन पेशंट बसले होते. ट्रम्पेटवाल्याची गत उलटी झाली. त्याचं बटण कसंबसं लागलं, पण नंतर श्वास घेता येईना, आणि त्याच्या धंद्यात श्वास लागतो.

मग तुझ्या भावजयीने मला वाचनालयातल्या स्मरणशक्तीच्या वर्गात घातलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी चार ते पाच. विद्यार्थी सगळे साठीच्या आसपासचे. एक निवृत्त हेडमास्तर सोमवारी आणि गुरुवारी येऊन एकटेच बसत आणि शिक्षक वेळ पाळत नाहीत म्हणून चिडून घरी जात. शिकवणारा पोरगेलासा होता (छाती चौतीस, डावा खांदा अर्धा इंच खाली), पण सांगायचा छान. म्हणाला, मन एका वेळी सहा-सात गोष्टीच हातात धरू शकतं, आठवी आली की एक गळते. आत ठेवायचं तर खुंटी लागते. नुसता आकडा राहत नाही, चमत्कारिक चित्र राहतं, आणि सगळ्यात पक्की राहते ती जागा. म्हणून आपल्याला पाठ असलेलं एखादं घर घ्यायचं, मनातल्या मनात त्यातून फिरायचं आणि जे लक्षात ठेवायचं ते एकेका जागी ठेवत जायचं.

मी कुठलं घर घेणार? आपलंच, छापखान्यावरचं. दोन खोल्या, तिसऱ्या पायरीचा टवका उडालेला, खाली मशीन सुरू झालं की फळीवरचे पेले किणकिणायचे. ताई, मी त्या घरात बावन्न गिऱ्हाइकं कोंबली. आपण चौघं एकाच वेळी कूस बदलू शकत नव्हतो त्या घरात! डॉक्टरांना कपाटावर बसवलं, कमरेला अडतीस टूथब्रश खोचून. हेडमास्तर बाबांच्या खुर्चीत. ट्रम्पेटवाला पलंगाखाली. स्वयंपाकघरात जागा कमी, तिथे गावातला सगळ्यात रुंद माणूस उभा केला, विमा एजंट, छाती शेहेचाळीस, अंगावर शेहेचाळीस चमचे लटकवलेले. आणि काय सांगू, जमलं! दोन महिने एक काज इकडचं तिकडे झालं नाही. वर्गात मी बावन्न मापं घडाघडा म्हणून दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या. (हेडमास्तर नव्हते. शुक्रवार होता.) मी चार दिवस छाती काढून चालत होतो.

मग गेल्या महिन्यात एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं, मी कोटाला इस्त्री करत होतो. ओल्या फडक्यातून वाफ आली. तुला माहीत नसेल, मी कुणालाच सांगितलेलं नाही, पण ती वाफ नाकात गेली की मला आई दिसते. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर चौघडी केलेलं घोंगडं, आपले शाळेचे कपडे, आणि आपल्याकडे पाठ करून ती बोटांनी पाणी शिंपडते आहे. तोंड दिसत नाही, नुसती पाठ. आई गेल्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत जेव्हा जेव्हा मन खट्टू झालं, तेव्हा मी इस्त्री तापवली आहे. (तुझ्या भावजयीला वाटतं, मला टापटिपीची हौस आहे.) त्या दुपारी डोळे मिटले, तर टेबलापाशी विमा एजंट. चमच्यांसकट. मी म्हटलं, जरा बाजूला व्हा. तो पॉलिसी समजावून सांगू लागला. बाहेर पडलो, पुन्हा जिना चढून आलो. कपाटावरून डॉक्टर म्हणाले, ट्रायल कधी? हेडमास्तरांना विचारलं, आई कुठे आहे, तर ते म्हणाले, आज सोमवार ना? मी दुकानात एकटाच खो खो हसलो. हसू थांबलं तेव्हा फार वाईट वाटलं.

तसाच त्या शिक्षकाकडे गेलो. त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, आठवण कपाटात टांगलेल्या तयार कपड्यासारखी नसते. मन दरवेळी तुकडे गोळा करतं आणि ती नव्याने शिवतं, नवं कापड वर पडलेलं असलं तर तेही आत शिवलं जातं. तुम्ही त्या वाटेने गिऱ्हाइकांसाठी रोज गेलात, आईसाठी महिन्यातून एकदा. त्याने सुचवलं, एकेकाला बाहेर काढा. आठ दिवस मी तेच केलं, शिस्तीत, प्रत्येकाला जिन्यापर्यंत पोचवून. एजंट शेवटी निघाला. आता घर रिकामं आहे. टेबल आहे, घोंगडं आहे, इस्त्रीही आहे. आई नाही. ती तिथे उभी राहायची हे मला माहीत आहे, पण पेपरात वाचल्यासारखं. (मापंही गेली. लाल पुठ्ठ्याची वही आणली आहे. ती वस्तादांच्या फोटोला दिसणार नाही अशी ठेवतो.)

तू म्हणशील, आईचा फोटो आहे की. आहे, पण त्यात ती फोटोग्राफरसाठी बसली आहे, आपल्यासाठी नाही. मला ती हवी आहे, ताई. साठीच्या माणसाने असं लिहू नये. आईची आठवण येते असंही लिहिता येत नाही, कारण येत नाही हेच तर दुखणं आहे.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्यासाठी थंडीचा कोट शिवायचं मनात आहे. हिरवं लोकरी कापड बाजूला काढून ठेवलं आहे. माप पत्राने कळवू नकोस, बायका स्वतःच्या मापाबद्दल खरं लिहीत नाहीत. स्वतः ये. जुना कोटही आणू नकोस.

आणखी एक. भाऊजींनी मागे लिहिलं होतं की तू हल्ली कुठे जात-येत नाहीस. अंगाने सुटलीस, खांद्यात वाकलीस आणि आरशात बघितलं की आईच दिसते म्हणून वैतागतेस. त्यांनी तक्रार म्हणून लिहिलं होतं. मी ती ओळ चार वेळा वाचली. ताई, मी अख्ख्या गावाची मापं घेतली, आईचं कधी घेतलं नाही. ती दरवेळी जुना ब्लाउज पुढे करायची, माझं कसलं माप घेतोस, यावरून काप, म्हणायची. आणि मीही कापत गेलो. एकदा, फक्त एकदा, तिच्या खांद्याला टेप लावला असता, तर कुठल्याही एजंटाची तिला हलवायची टाप नव्हती.

शेवटचं. हिरवं कापड वगैरे काही नाही, तू आल्यावर तुझ्या पसंतीचं आणू. फक्त दुकानात आलीस की माझ्याकडे पाठ करून उभी राहा. टेप लावल्यावर मी बराच वेळ आकडा म्हटला नाही, तरी वळून बघू नकोस.