पेन्सिलीने खोडलेली तीन रीडिंग

आदरणीय सर,

काल तुमच्या शोकसभेत मी दहा मिनिटं बोलले. ‘सरांनी मला घडवलं’ म्हणाले, डोळेही पुसले. नंतर तुमच्या घरी काकूंनी तुमच्या जुन्या वह्या हातात दिल्या. “तूच ने की ह्या. मला काय कळतंय त्यातलं?” त्यातली एक वाचली आणि आज लिहायला बसले.

ज्वारीच्या मोडातलं एन्झाइम तापवलं तरी काम करत राहतं, हा तुमचा गाजलेला शोध. मी पीएचडीला आले, तेव्हा तोच प्रयोग मला पुन्हा करायला दिलात. दोन वर्षं केला. दर वेळी एन्झाइम तापवलं की मरायचं. सगळ्या लॅबसमोर काय म्हणालात, आठवतं? “टॉवेलच्या कारखान्यातली माणसं तुम्ही. पिपेट धरायला हात वेगळा लागतो.”

माझे वडील अक्कलकोट रोडला लूमवर उभे राहायचे. त्यांना मी हे कधीच सांगितलं नाही. मुकाट्यानं संशोधनाचा विषय बदलला, पीएचडी उरकली, आणि खोट माझ्यातच आहे असं धरून चालले.

वहीत तुमच्या अक्षरात तीन रीडिंग आहेत, मी येण्याच्या कितीतरी आधीची. अगदी माझ्या रीडिंगसारखीच, तापवल्यावर एन्झाइम मेलेलं. त्यांवर पेन्सिलीची रेघ. तुम्हाला माहीत होतं की, सर! मग दोन वर्षं मला कशाला राबवलंत?

एवढंच असतं तर तुम्हाला चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण आता मीही गाइड आहे. तुमचा तो शोध दर वर्षी वर्गात शिकवते. गेल्या महिन्यात माझ्या विद्यार्थिनीनं, कुंभारी गावच्या सुजातानं, तोच प्रयोग केला. “मॅडम, चारदा केलं की. तापवलं की संपतंय ते.” तिची वही न उघडताच मी म्हणाले, “तुला हे जमायचं नाही.” तेव्हापासून ती लॅबला आलेली नाही. मी फोनही केला नाही.

तुम्ही निदान पाहून दडवलंत. मी तर पाहिलंसुद्धा नाही. तुमचा राग येतो, त्याहून जास्त माझा येतो.

उद्या कुंभारीला जाणार आहे. तिच्या आईवडिलांसमोर सांगेन, पोरगी बरोबर होती, चुकली ती मॅडम. चूक दुरुस्त करणारा पेपर तिच्या नावानं जाईल, तुमच्या वहीचं पान जोडून. काकूंना आधी मीच सांगेन.

आणि सुजाता दारातच “नको मॅडम” म्हणाली, तर तेही ऐकून घेईन. मला तुम्हाला तेवढं म्हणता आलं नव्हतं.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
नंदिनी