फळ्यावरचा नववा मॅकिल्व्रे

एफीताईस, धाकट्या लॅकीचा गुडघे परवानगी देतील तेवढा वाकून नमस्कार. ओबनला लेकीकडे तुझा दमा कसा आहे? इकडे बटाटे लावून झाले, काळ्या मेंढीला जुळं झालं आणि अख्खं बेट मला हसून झालं.

मागच्या वर्षी तू रागावून गेलीस ते मी विसरलेलो नाही. गावच्या सभागृहात आपल्या आडनावाच्या थोर माणसांचा फळा लावायचं मी काढलं, तेव्हा तू विचारलंस, "लॅकी, चाळीस वर्षं मी या बेटाची नर्स. माझं नाव कुठंय?" आणि मी शहाणा म्हणालो, "ताई, हे सार्वजनिक जीवनातले मॅकिल्व्रे. घरोघरी फिरणारे नव्हेत." त्यानंतर तुझं पत्र नाही. (त्या एका वाक्यापायी मी वर्षभर माझ्याच हातचं सूप पितोय.)

तर फळ्यावर नऊ जागा आखल्या. पूल बांधणारा एक, खासदार एक, गोलरक्षक एक (सात गोल खाल्ले बिचाऱ्याने, पण देशासाठी खाल्ले), असे आठ भरले. नववे बिशप होते. पण ते मेंढ्या चोरताना सापडल्याचं ऐनवेळी कळलं, म्हणून पुसले. सगळ्यांच्या वर न्यायाधीश डोनल्ड मॅकिल्व्रे. त्यांचा फोटो पाद्रीबाबांकडच्या खोक्यात मिळाला. काळा कोट, ताठ कॉलर, समोरच्याला जन्मठेप देणारा चेहरा, आणि मागे नाव लिहिलेलं. आता तू म्हणशील, बेटावर सगळेच मॅकिल्व्रे आणि त्यातले निम्मे डोनल्ड, म्हणूनच तर आपण माणसाला टोपणनावाने ओळखतो; ते विचारलंस का कुणाला? नाही विचारलं, ताई. थोर माणसाला कसलं आलंय टोपणनाव, असं वाटलं.

शनिवारी फळ्यावरचा पडदा बाजूला ओढला.  मग पोस्टातली पेगी मागून ओरडली, "अगं बाई, हा तर बोटचुक्या डोनल्ड!" कॅनडाला निघालेला, उसना कोट घालून धक्क्यावर फोटो काढून घेत बसला आणि तेवढ्यात बोट गेली, तोच तो. हसण्याने खिडक्या वाजल्या. हसू ओसरल्यावर पेगी म्हणाली, "लॅकीकाका, बेटाबाहेर कधी पाऊल न टाकलेल्याला न्यायाधीश केलंत. आणि जिच्या हातून आम्ही जगात आलो, ती कुठंय?"

मी आपला तोऱ्यात म्हटलं, असे कितीजण आहात? हात वर करा बघू.

एकसष्ट हात वर झाले, ताई. त्यात खुद्द पाद्रीबाबांचाही होता. ज्यांचे खालीच राहिले ते सगळे तू नर्स व्हायच्या आधीच जन्मलेले. मी खाली बसलो.

तुझा चुकलेला भाऊ,
लॅकी

ता. क. डोनल्डचा फोटो काढलेला नाही. लोक काढूच देत नाहीत. म्हणतात, फळ्यावर ओळखीचा चेहरा तेवढा एकच आहे.

आणखी ता. क. नवव्या जागी तुझं नाव रंगवलंय. रंग अजून ओला आहे. फोटो मात्र पाठवू नकोस, फोटोंवरचा माझा विश्वास उडालाय. मंगळवारच्या बोटीने तूच ये. मी धक्क्यावर उभा असेन. (सुपाबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही, हे लक्षात घे.)