यांची सदसद्विवेकबुद्धी आणि माझी गाय

ब्रिनावेल,
ऑक्टोबर १९०५

ती. लेइसाताईस, धाकट्या लोरीचा नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? समुद्राचा वारा गुडघ्यांना बरा, असं तुमच्याकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुमच्याकडे समुद्राशिवाय दुसरं काही नाही, तेव्हा ते बिचारे दुसरं काय सांगणार? दाजींचा खोकला गेला असेल. दाढी काढल्यापासून छाती उघडी पडते अशी त्यांची तक्रार तू कळवली होतीस. माझी तब्येत ठीक आहे. यांचीही ठीक आहे, निदान दिसते तरी ठीक. बोलणं बंद असल्यामुळे विचारता येत नाही.

नाताळात तुझ्याकडे यायचं मी कबूल केलं होतं, ते जमणार नाही. साठवलेले पैसे संपले. ते कशात गेले हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवते. दुसरे कुणी सांगतील तेव्हा मी भर चौकात नवऱ्याची अब्रू काढली असं सांगतील. ते खोटं नाही, पण अपुरं आहे.

सरकारी चर्चच्या शाळेसाठी जो नवा कर बसवला आहे, तो ते चर्च न मानणाऱ्या आपण चॅपलच्या लोकांनी भरायचा नाही असं इकडे ठरलं, हे तुला माहीतच आहे. यांची सदसद्विवेकबुद्धी त्या कराने फार दुखावली. (लग्नाला चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत ती दुखावल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून मलाही जरा कौतुक वाटलं.) कर भरला नाही की बेलिफ येतो, घरातली एखादी वस्तू उचलतो आणि चौकात तिचा लिलाव होतो. त्यावर चॅपलच्या मंडळींनी तोड काढली. बाहेरच्या माणसाला बोली लावू द्यायची नाही, आपल्यातल्याच एकाने कराएवढी बोली लावून वस्तू घ्यायची आणि तेवढेच पैसे घेऊन ज्याची त्याला परत द्यायची. सरकारला कर मिळतो, आपल्याला तत्त्व मिळतं. मग कर भरण्यापेक्षा हे वेगळं कसं, असं मी एकदा विचारलं होतं. तुला राजकारणातलं कळत नाही, असं उत्तर आलं.

पहिल्या वेळी आमचं भिंतीवरचं घड्याळ गेलं आणि संध्याकाळी परत आलं. सगळे खूश. यंदा मार्चमध्ये बेलिफ आला तेव्हा त्याने घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ गोठ्यात गेला. गोठ्यात यांची घोडी होती आणि माझी सेरेन. सेरेन म्हणजे बाबांनी मला आंदण दिलेल्या गाईची मुलगी, तू तिला वासरू असताना पाहिली आहेस. गाभण होती. बेलिफ माणूस वाईट नाही. त्याने स्वतः होऊन विचारलं, "गाय कुणाची? बाईंच्या मालकीची असेल तर मला नेता येणार नाही." आता गाय सोडली तर उरली घोडी, आणि घोडी गेली तर नांगर कोण ओढणार? अंगणात चॅपलची निम्मी माणसं उभी राहून भजन म्हणत होती. हे एकदा घोडीकडे बघून म्हणाले, "गाय माझी आहे."

मी दारात उभी होते, हात पिठाचे. काही बोलले नाही. भजन चालू असताना मधे बोलायची आपल्याला सवय नाही, तेवढंच कारण. नंतर मी ते वाक्य कितीतरी वेळा बोलले, पण कोंबड्यांपुढे.

त्या लिलावात सेरेन ओबादाया पंतग्लासांनी घेतली. ओबादाया म्हणजे आमच्या चॅपलचे पंच. प्रार्थना म्हणताना त्यांचा आवाज इतका थरथरतो की खिडकीच्या काचा ऐकतात. (त्या दिवशी लिलाववाल्यावर मंडळींनी अंडी फेकली. अंडी माझ्या कोंबड्यांची होती. हे टोपलीभर घेऊन गेले होते, मला वाटलं बाजारात चालले.) बोलीचे पैसे घेऊन हे संध्याकाळी गाय आणायला गेले आणि रिकामा दोर घेऊन परत आले. ओबादायांचं म्हणणं असं की गाय त्याच दिवशी परत गेली तर सरकार म्हणेल, हे सगळं नाटक आहे. व्यवहार खरा दिसला पाहिजे. गाय थोडे दिवस राहू दे. आणि पैसे? पैसे नकोत, तत्त्वाचा प्रश्न आहे. यांना ते पटलं. यांना जे पटतं ते मला नेहमी जेवताना कळतं.

ओबादायांच्या दोन्ही गाई त्या महिन्यात आटल्या होत्या, हे मला त्यांच्या बायकोकडून, हन्नाकडून कळलं. तिने ते मुद्दाम सांगितलं नाही. आमच्या सेरेनचं दूध किती दाट आहे, याचं कौतुक करता करता निघून गेलं.

मे महिन्यात निरोप आला की गाय अडली आहे, ये. मी गेले. वासरू आडवं आलं होतं, कोपरापर्यंत हात घालून मी ते फिरवलं. कालवड झाली, तांबडी, मागच्या एका पायात पांढरा मोजा घातल्यासारखी. सेरेनने तिला चाटायच्या आधी माझा हात चाटला. ओबादाया मागे उभे राहून म्हणाले, "देवाची कृपा, लोरीबाई." मी म्हटलं, "देव आत्ताच आला असेल, मघापासून तर मीच होते." ते त्यांना आवडलं नाही. गाईचं विचारलं तर म्हणाले, आता ओली आहे, हलवू नये. उन्हाळ्यात विचारलं तर म्हणाले, माझी वैरण खाल्ली आहे, ती फिटू दे. मी यांना म्हटलं, तुम्ही जाऊन आणा. हे म्हणाले, आपल्यातच भांडण लागलं तर चर्चवाले हसतील. तेव्हा चर्चवाले हसू नयेत म्हणून पूर्ण उन्हाळा मी शेजाऱ्यांकडून ताक आणलं.

सप्टेंबरात ओबादायांची पाळी आली. त्यांनी घोडी टेकडीपलीकडे नेऊन ठेवली, आणि मोडका नांगर, गवत ओढायचं दाताळं, लोणी काढायचा जुना डेरा असं सगळं अंगणात मांडून ठेवलं. बेलिफाने नांगर आणि डेरा घेतला, आणि त्यांनी कर भरत नसल्याचा आवाज जरा जास्तच केला होता म्हणून सेरेनही घेतली. चॅपलच्या मागच्या खोलीत बैठक बसली, मी चहा देत होते. ठरलं की या वेळी बोली यांनी लावायची, सगळ्यांनी वर्गणी काढून पैसे यांच्या हाती द्यायचे आणि गाय ओबादायांना परत करायची. घरी आल्यावर मी विचारलं, "कुणाला परत?"

"ओबादायाला. गाय त्याची आहे."

"माझी होती."

"होती," हे म्हणाले आणि बूट काढायला बसले.

ताई, त्या एका शब्दावर मी रात्रभर जागी राहिले असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण मी छान झोपले. ठरलं की झोप लागते.

लिलाव चौकातल्या खानावळीसमोर होता. लिलाववाला बाहेरगावचा, या वेळी छत्री घेऊन आलेला. आपली माणसं कडं करून उभी होती, बायका कुंपणापाशी. नांगर गेला, डेरा गेला, मग सेरेनला आणलं. बरगड्या दिसत होत्या. ओबादायांची वैरण कशी फिटली असेल ते कळलं. यांनी ठरलेली बोली लावली. मी कुंपणापासून पुढे आले आणि म्हटलं, "आणखी एक शिलिंग."

भजन थांबलं. तेही ओळीच्या मधेच. यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आता माघार घेतली तर तत्त्व जाईल म्हणून एक शिलिंग वाढवला. मी वाढवला. त्यांनी वाढवला. लिलाववाल्याने छत्री मिटली आणि मला विचारलं, "बाई, तुम्ही दोघं एकाच घरातले ना?"

मी म्हटलं, "घर एक आहे. गाईचं बघतोय."

यांच्याजवळची वर्गणी संपली. यांनी ओबादायांकडे पाहिलं. गाय त्यांना मिळायची होती, तेव्हा वरचे चार पैसे त्यांनी टाकायला हरकत नव्हती. त्यांचा हात खिशाकडे गेलासुद्धा. तिथे थोडा वेळ राहिला आणि रुमाल घेऊन बाहेर आला. नाक पुसून झालं, हातोडा पडला.

मी पैसे मोजून दिले, दोर हातात घेतला आणि घरी आले. हे मागून येत होते, एका शेताचं अंतर ठेवून. तेव्हापासून बोलत नाहीत. पाद्रीबाबांनी रविवारी आज्ञाधारक बायकांवर प्रवचन दिलं. ते संपल्यावर तिघीजणींनी मला बाजूला घेऊन विचारलं, बोली लावताना हात वर करावा लागतो की नुसतं बोललं तरी चालतं?

पण कालवड तिकडेच राहिली. लिलावाच्या कागदावर तिचं नाव नव्हतं, असं ओबादायांनी कळवलं. ओढ्याच्या त्या बाजूला ती हंबरते आणि या बाजूला सेरेन. सगळं खोरं ऐकतं. ओबादाया प्रार्थनेत आवाज आणखी चढवतात.

बाकी सगळं क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
लोरी

ता. क. – पत्राचं खरं कारण राहिलंच. ओबादाया या महिनाअखेरच्या जत्रेत कालवड विकणार आहेत. मला ते विकणार नाहीत, आणि चॅपलचं कुणी माझ्यासाठी घेणार नाही. दाजींना इकडे कुणी ओळखत नाही. ते एकदाच आले होते, तेही दाढी असताना. त्यांना पाठव. मागच्या डाव्या पायात पांढरा मोजा आहे. घासाघीस करावी, पण सोडून येऊ नये. पैसे मी लोण्यातून फेडीन. त्यांनी चॅपलच्या माणसांशी धर्मावर बोलू नये.

आणखी ता. क. – या वेळी बेलिफ आमच्याकडे आलाच नाही. सेरेनच्या पहिल्या लोण्याचे पैसे घेऊन मी तालुक्याला गेले होते, सुया आणायला म्हणून, आणि यांचा कर भरून आले. हे कुणालाही सांगू नकोस, दाजींनाही नाही. आपल्यापुढे सरकार झुकलं, असं इथे ठरलं आहे. शुक्रवारी त्याची सभा आहे, भाषण यांचं. मी पहिल्या बाकावर बसून ऐकावं असं त्यांनी आत्ताच मला सांगितलं. लिलावानंतर माझ्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य.