सात जणांचं एक खातं

कोसाड, सुरत
रविवार, ८ सप्टेंबर १९९६

इच्छापोरच्या ठेकेदारांनी पिळून काढलेल्या, परमुलखात जाऊनही बँकेचा कारकून बोट ठेवील तिथे मुकाट सही करणाऱ्या आणि महिनाअखेर आपलेच पैसे कमी कसे झाले या कोड्यात पडणाऱ्या माझ्या सर्व कामगार भावांनो,

चिंधा, वरचं वाक्य खोडणार होतो, पण राहू दिलं. हाताला सवय सभेची आहे. हे पत्र सभेसाठी नाही, तुझ्या एकट्यासाठी आहे. जय भीम.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या घरी कमलची तब्येत चांगली आहे, साड्यांना टिकल्या लावायचं काम तिच्याकडे भरपूर आहे. तुझी साक्षी बालवाडीत जायला लागली आणि आता आईशीही गुजरातीत बोलते. वसाहतीत पाणी अजून एक वेळच येतं. मी तसाच आहे, पाळी संपली की वाचनालय उघडून बसतो.

पत्र आणणारा लक्ष्मण तुला आठवत असेल, कतारगामला लेथवर होता तो. शुक्रवारी मुंबईहून निघून तो मस्कतला तुमच्याच कंपनीत येतो आहे. बुधवारी त्याने मला विचारलं, "आनंदाभाऊ, तिथं गेल्यावर खातं कुठल्या बँकेत काढू? ज्यात कापाकापी कमी, ते सांगा." मी गप्प बसलो. मला गप्प बसलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. भाऊ आजारी आहेत, असं तो बाहेर जाऊन सांगत होता म्हणे.

जानेवारीत तुम्ही सात जण निघालात तेव्हा कोणी विचारण्याआधीच माझं उत्तर तयार होतं. तुला हे सगळं माहीत आहे, तरी लिहितो. लिहिल्याशिवाय मी नेमका कुठे चुकलो ते मला सापडत नाही. खात्यात शंभर रियाल ठेवले नाहीत तर बँक दर महिन्याला एक रियाल कापते आणि घरी ड्राफ्ट पाठवायचा तर दर ड्राफ्टला दीड रियाल घेते, असं आधी गेलेल्या लोकांकडून कळलं होतं. मी वसाहतीच्या हॉलमध्ये उभा राहून विचारलं, सात माणसांनी सात वेळा कापून का घ्यायचं? एक खातं काढा. सगळ्यांचे पगार एकत्र आले की शिल्लक कधी शंभराच्या खाली जाणार नाही. महिन्याला एक ड्राफ्ट माझ्या नावाने येईल, मी इथे घरोघरीचे पैसे वाटीन. बँक तुम्हाला एकेकटं गाठून खाते, तुम्ही एक होऊन तिला उपाशी ठेवा. टाळ्या तुला आठवत असतील. टाळ्या वाजवणाऱ्यांत तूही होतास.

खातं बुद्धभूषणच्या नावाने काढायचं ठरलं, कारण तो बारावी झालेला आणि माझ्या बहिणीचा मुलगा. आमचे पगार त्याच्या खात्यात जमा करा, असा अर्ज कंपनीला द्यायचा होता. त्याचा मसुदाही मीच करून दिला. सात सह्या. मला तो कागद एखाद्या जाहीरनाम्यासारखा वाटला होता.

त्या खात्याचं काय झालं ते तुला तिथे माझ्याआधी कळलं असेल. ओव्हरटाइमवरून बुद्धभूषण फोरमनशी भांडला. कंपनीने दहा ऑगस्टला त्याचा व्हिसा रद्द करून त्याला विमानात बसवलं आणि बँकेला कळवलं. बँकेने खातं गोठवलं, पैसे आत जातील पण बाहेर निघणार नाहीत. पंचवीस ऑगस्टचे पाच जणांचे पगार त्याच बंद खात्यात जाऊन पडले. बुद्धभूषण इथे भिंतीला टेकून बसलेला असतो. मी त्याला रागावू शकत नाही. अन्याय दिसला की गप्प बसायचं नाही, हे त्याला लहानपणापासून मीच शिकवलं. तो शिकला तसाच वागला. मग चूक कोणाची? मला खरंच कळत नाही.

मी चार दिवस सुट्टी टाकून सुरतेतल्या बँका पालथ्या घातल्या. मोठमोठे ग्रंथ वाचून त्यावर तास तास बोलणारा मी, आणि शुल्काचा एक छापील कागद मला उलगडेना. एका ओळीत शुल्क नाही म्हणायचं आणि खाली बारीक अक्षरात ते कधी कधी लागेल हे सांगायचं. किमान शिल्लक रोजची की महिन्याची सरासरी, हे एका कारकुनाने मला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा मला वेगळंच कळलं. शेवटी मी त्याला मस्कतचं सगळं प्रकरण सांगितलं. पाच कुटुंबांचा घाम आहे, सह्या आहेत, अर्ज आहे, असं बरंच बोललो. रांगेतले लोक ऐकत उभे राहिले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, खातुं जेना नामनुं, पैसा एना."

खातं ज्याच्या नावाचं, पैसे त्याचे, यावर मला त्याच्याशी वाद घालायचा होता. त्याने माझ्यासाठी चहा मागवला, तो पिऊन आलो.

बुद्धभूषणने तिकडच्या बँकेला सहीचं पत्र पाठवलं आहे. पैसे निघतील, पण महिने लागतील, असं उत्तर आलं. त्या पैशांचं मी बघतो, अंगावर घेतलं आहे. आता प्रश्न पुढच्या पगाराचा आहे. एकवीस तारखेच्या आत कंपनीला नवे खाते क्रमांक मिळाले नाहीत, तर पंचवीसचा पगारही त्या बंद खात्यात जाईल आणि पाच घरांत दुसरा महिना चूल कशी पेटेल हे मला माहीत नाही. मी कॅम्पच्या फोनवर दोनदा फोन केला. सुपरवायझर कामगारांना बोलावत नाही.

गेल्या रविवारी वाटपाचा दिवस होता. बायका हॉलमध्ये नेहमीसारख्या येऊन बसल्या. पैसे नव्हते. मी ठरवून गेलो होतो की उभं राहायचं, माझा सल्ला चुकला म्हणायचं आणि खाली बसायचं. उभा राहिलो आणि बँकांवर बोललो. पाऊण तास बोललो. गरिबाच्या शिल्लकीवर कर बसवणारी ही कसली व्यवस्था, असं विचारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या पाचांतल्या निंबाची बायकोही वाजवत होती, तिच्या पदराच्या गाठीत त्या दिवशी एक रुपया नव्हता. घरी येताना मी स्वतःलाच घाबरलो.

या वाटपाबद्दलही लिहायला हवं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आधी भाषण करायचो आणि मग पैसे वाटायचो. मला वाटायचं, बायका जागृतीसाठी येतात. एप्रिलमध्ये कमल सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊ, पहिले पैसा द्या, मंग भाषण. पोट भरलं का आम्ही टाळ्या बी जोरात वाजवू." सगळ्या हसल्या. मीही हसलो, आणि पुढच्या महिन्यात आधी भाषणच केलं. नवऱ्याची कमाई हातात पडायला तिला माझा पूर्णविराम येईपर्यंत बसावं लागत होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही असं मी म्हणू शकलो असतो. पण आलं होतं. भरलेला हॉल मला आवडायचा.

तुझं मे महिन्यातलं पत्र माझ्याजवळ आहे. किती साधं पत्र. भाऊ, मी वेगळं खातं काढतो, ड्राफ्ट सरळ कमलच्या नावाने पाठवतो, राग मानू नका. मी त्याला उत्तर लिहिलं नाही. उत्तर सभेत दिलं. कमल तिसऱ्या रांगेत साक्षीला मांडीवर घेऊन बसली होती आणि मी म्हणालो, "दीड रियालसाठी जो सहा भावांपासून वेगळा होतो, त्याने जेवावंही वेगळंच." तोंडातून निघून गेलं असं लिहिणार होतो. तसंही नाही. वाक्य मी आदल्या दिवशी तयार केलं होतं.

परवा गुरुवारी मी कमलकडे गेलो. लक्ष्मणला खात्याचं सांगायचं आहे, एवढं निमित्त केलं. तिने बसायला जागा करून दिली आणि हात न थांबवता, एकेक टिकली चिकटवत, तू खातं कसं निवडलंस ते सांगितलं. तीन बँका फिरलास. प्रत्येक खिडकीत विचारलंस की खात्यात किती ठेवावे लागतात आणि कमी पडले तर किती कापतात, ड्राफ्टला किती, आणि चौथं, नोकरी सुटली तर माझे पैसे मला कसे आणि किती दिवसांत मिळतील. पगार सरळ स्वतःच्या खात्यात येत असेल तर काहीच कापत नाहीत, किमान शिल्लकही लागत नाही, अशी बँक तुला तिसऱ्या ठिकाणी मिळाली. ड्राफ्टही तिथे निम्म्यात. म्हणजे माझं एक खातं स्वस्तही नव्हतं. आणि तो चौथा प्रश्न. सात माणसं देश सोडून निघाली, मी जगातल्या सगळ्या प्रश्नांवर बोललो आणि हा एक प्रश्न विचारला नाही.

मी उठायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "आनंदाभाऊ, तो तठे एकलाच जेवस. तुमले माहीत शे ना?"

मी म्हणालो, नाही, मला काही कल्पना नाही.

चिंधा, ते खोटं होतं. निंबाचं पत्र मला जुलैतच आलं होतं. त्याच्या बायकोने माझं भाषण त्याला लिहून कळवलं होतं. त्याने मला अभिमानाने लिहिलं की भाऊ, तुमच्या शब्दाप्रमाणे खोलीत चिंधाचं ताट वेगळं केलं, तो मोरीजवळ बसून जेवतो, त्याला आमच्या भांड्यांना हात लावू देत नाही. मी ते पत्र वाचलं, घडी घातली, एका पुस्तकात ठेवलं आणि ते पुस्तक फळीवर मागे सरकवलं. दोन महिने झाले. एका ओळीचं कार्ड टाकलं असतं तरी ते थांबलं असतं. मी टाकलं नाही. सहा माणसं समुद्रापलीकडे माझ्या शब्दावर चालतात, याचं आधी मला बरं वाटलं होतं, नंतर लाज वाटली, आणि लाज वाटायला लागल्यावर लिहिणं आणखीच अवघड झालं.

माझा बाप गावातल्या हॉटेलाबाहेर खिळ्याला टांगलेला कप स्वतः विसळून चहा प्यायचा. गेली वीस वर्षं प्रत्येक चौदा एप्रिलला मी तो कप सांगतो. सांगताना माझा आवाज चढतो, लोक रडतात. आणि तसाच कप मी तुझ्यासाठी मस्कतला टांगला. कोणा सवर्णाने नाही, मी.

क्षमा मागायला हे पत्र लिहितो आहे का, हे मला ठरवता आलेलं नाही. एकत्र राहिलो तरच आपण टिकू, यावर माझा आजही विश्वास आहे आणि तो सोडायचा म्हटलं तर माझ्याजवळ काही उरत नाही. पण सात जणांचं खातं एकाच्या नावाने निघालं तेव्हा त्याला मी एकी म्हणालो, आणि तू तुझ्या बायकोच्या हातात सरळ पैसे दिलेस तेव्हा त्याला फूट म्हणालो. हे शब्द मी कुठून आणले? विचार चुकला की विचार सांगणारा माणूस? दिवसभर एक उत्तर देतो आणि रात्री दुसरं. तुला काही सुचलं तर कळव. न कळवलंस तरी चालेल.

त्या पाच जणांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. ते लक्ष्मणजवळ उघडंच दिलं आहे, आधी तू वाच. आनंदाने सभेत जे सांगितलं ते चूक होतं आणि चिंधाने केलं ते बरोबर होतं, एवढंच त्यात आहे. भाषण नाही, सहा ओळी आहेत. पुढच्या रविवारी त्याच सहा ओळी मी हॉलमध्ये वाचणार आहे, वर एकही शब्द न बोलता. कमलला येऊन बसायला सांगितलं आहे. ती म्हणाली, बघू.

आता तुझ्याकडे जे मागतो ते मागायला मला तोंड नाही. ज्यांनी तुला खोलीत परकं केलं त्यांच्यासाठीच मागतो आहे. तू नाही म्हणालास तर चूक तुझी असणार नाही. पण त्या खिडकीचा रस्ता त्यांच्यात फक्त तुला माहीत आहे, कारकुनाशी बोलायचं कसं हे तुलाच जमतं, आणि निंबाला तर इंग्रजी आकडेही वाचता येत नाहीत.

गुरुवारी बँक अर्धा दिवस उघडी असते, असं कमल म्हणाली. एकोणीस तारखेच्या गुरुवारी सकाळी त्या पाच जणांना आणि लक्ष्मणला पासपोर्ट व कंपनीच्या शिक्क्याचं पत्र घेऊन तुझ्या बँकेत ने, आणि प्रत्येकाचं खातं त्याच्या स्वतःच्या नावाने काढून दे.

उत्तर मागण्याचा हक्क नसलेला,
आनंदा