तळघराची खिडकी

वाल्गा, २ फेब्रुवारी, रविवार दुपार

प्रिय आइमे,

आम्ही बरे आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालते. अंगणात गुडघाभर बर्फ साचलाय. गुंटिसची पाठ कशी आहे? हे पत्र पोस्टात टाकलं तर आधी टॅलिन बघेल, मग रिगा, आणि आठवड्यानं तुझ्या दारात येईल. म्हणून मीच सरहद्द, म्हणजे आपल्या गावातून जाणारा तो एक रस्ता, ओलांडून तुझ्या पेटीत टाकणार आहे. बेल वाजवणार नाही. हल्ली फोनवर तू फक्त "हं" म्हणतेस, आणि तुझा तो नवरा गुंटिस शेजारी कान लावून बसलेला असतो, हे काय मला कळत नाही?

मॅचबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण दुसरं लिहिण्यासारखं आहे तरी काय? दर हिवाळ्यात तुमच्या लाटव्हियाचा चॅम्पियन फुटबॉल क्लब आणि आमच्या एस्टोनियाचा चॅम्पियन एकदा भिडतात. यंदा रिगाला त्यांचा शेवटची पेनल्टी मारणारा तुझा राइविस निघाला आणि आमचा गोलकीपर माझा काउर. माझ्या पोरानं ती अडवली, मी खुर्चीवर चढून ओरडले, आणि समोरच्या बाजूला तू खाली बसलीस. तेव्हापासून तू आमच्याकडे फिरकली नाहीस.

आता राइविसचा क्लब म्हणतो, त्यानं ती किक मावसभावाला आंदण दिली. वर्षभर हा पोरगा गोलकीपरच्या डाव्या हाताला मारत आला आणि नेमकी हीच उजवीकडे, तीही जमिनीलगत, सरळ काउरच्या हातात. बुधवारी त्याला क्लबच्या कमिटीसमोर उभं राहायचंय. त्यांना पटलं नाही तर हाकलतील, आणि असा डाग लागलेल्या पोराला दुसरा क्लब दारातही उभा करणार नाही. हे मला तू सांगितलं नाहीस. एंडेलनं सांगितलं, आमच्या शेजारच्यानं, ब्रेडच्या रांगेत, चारचौघांत.

"काय गं उर्वे, सॉनात बसून काय ठरलं होतं पोरांचं?"

"एंडेल, तू आमच्या सॉनाच्या दारावर नजर ठेवण्यापेक्षा स्वतःच्या बायकोवर ठेव," म्हटलं मी.

रांग हसली. मी मात्र घरी आले ती डोक्यात किडा घेऊन. मॅचच्या आधीच्या शनिवारी दोघं आमच्या सॉनात वाफ घेत बसले होतेच ना! क्लबला कुणी कळवलं? एंडेलनंच, दुसरं कोण? मग वाटलं, गुंटिसच कुठे बोलून गेला असेल. तोही सॉनात होता, पोरांच्या आधी बाहेर आला आणि उगाच हसत होता. मग वाटलं, खरंच दिली असेल राइविसनं. मावशीच्या हातचं खाऊन वाढलेला मऊ पोरगा, भावासाठी केलं असेल.

आणि पुढचं नाव लिहायला मी दोनदा उठून चहा केला. काउर. पोटच्या पोरावर संशय आला गं मला. त्या शनिवारी मी त्यांना बिअर द्यायला गेले तेव्हा दोघं एकदम गप्प झाले होते. मॅच जिंकून आला तो हिरो, पण जेवण धड नाही, बोलणं नाही. फिनलंडचा एक क्लब त्याच्या मागे लागलाय. मला वाटलं, यानंच मागून घेतली असेल भावाकडून. त्याचा फोनही उघडून बघायला गेले, तर पासवर्ड बदललेला. संशय आणखी वाढला.

काल तो अंगणातला बर्फ काढत होता. मी शाल गुंडाळून समोर जाऊन उभी राहिले.

"राइविसनं दिली का तुला ती?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं तो उजवीकडे मारणार? खोटं बोललास तर बघ."

त्यानं फावडंभर बर्फ बाजूला टाकला. मग म्हणाला, "आई, तळघराची खिडकी आठवते?"

तुला आठवते ना? उन्हाळ्यात आपल्या अंगणात दोघांची एस्टोनिया-लाटव्हिया मॅच चालायची. हरायची वेळ आली की तुझा पोरगा बाहीला नाक पुसायचा आणि बॉल थेट काउरच्या उजव्या हाताला, खालच्या त्या खिडकीत. काचा बसवून बसवून काउरचा बाप आंत्स कंटाळला आणि शेवटी त्यानं ओकची फळी ठोकली. तो गेला, फळी तशीच राहिली.

"तो घाबरला ना, की खिडकीवरच मारतो," काउर म्हणाला. "त्याला स्वतःलाही माहीत नाही. रिगात त्यानं बाहीला नाक पुसलं, मी उजवीकडे झेपावलो."

"आणि हे तू कुणाला सांगत नाहीस?"

"गोलकीपर असलं सांगतो का? पुढच्या वर्षी परत समोर येणार तो. आणि फिनलंडवाले म्हणतात, काय अचूक ओळखलंस! त्यांना सांगू, की तो माझा भाऊ आहे आणि जरा रडका आहे?"

"सॉनात काय कुजबुजत होतात?"

"मॅचच्या भीतीनं त्याला झोप लागत नव्हती. तुला सांगू नको म्हणाला, तू मावशीला सांगशील."

मी एवढंच म्हटलं, "तू नाही गेलास तर बुधवारी मी जाते रिगाला." त्यानं फावडं खाली ठेवलं. शेडमधून पकड आणून स्वतःच्या हातानं ती फळी काढली. बॉलचे वळ आहेत अजून तिच्यावर. ती आता त्याच्या गाडीत आहे. बुधवारी तो कमिटीसमोर ठेवणार आणि सगळं सांगणार. त्यानंतर राइविसची ती खोड जगाला कळेल, आणि माझ्या पोराला त्याची एकही पेनल्टी पुन्हा अशी सापडणार नाही. फिनलंडचं काय होईल माहीत नाही. जाऊ दे.

काल संध्याकाळी पुलाजवळ गुंटिस भेटला. त्याच्याकडून कळलं, तू राइविसशी बोलत नाहीस, त्याचं ताटही वेगळं वाढतेस. म्हणजे तुलाही तेच वाटलं तर! आइमे, आज त्याला जवळ बसवून जेवू घाल. काही विचारू नकोस. नाक पुसायला लागला तर पुसू दे.

तळघरात गार वारा येतोय, बटाटे पोत्यांनी झाकलेत. फळी परत ठोकायची नाही, काच बसवून घेणार आहे. शनिवारी सॉना तापवते. सगळे या.

आपापल्या पोरांना न ओळखणाऱ्या दोघी बहिणींपैकी थोरली,
उर्वे