इंजिनाचं तेल आणि बाबांची दोन बोटं

धामणगाव बढे, वैशाख १९६४, शुक्रवार संध्याकाळ

विहिरीवरच्या नव्या डिझेल इंजिनात मी आज तीस नंबरचंच तेल टाकलं. इंजिनासोबतच्या पुस्तिकेत तेच आहे, मग वाद कशाला? पण बाबांनी थेंब दोन बोटांत चोळला. बोटं उघडली, तर तेलाची तार धरेना. म्हणाले, "काऊन बे, हे तं पाणी हाय! बैलगाडीच्या आसाले जाड एरंडेल लागते, अन् इंजिनाले हे?" मी ऐकलं नाही. इंजिन जाम झालं असतं तर पाण्यावाचून मळ्यातली वांगी वाळली असती, हे काय मला कळत नव्हतं? पण दिवसभर पाणी चाललं. माझंच बरोबर!

आत्ता पाहतो, तर बाबा तेच पातळ तेल गाडीच्या आसाला घालताहेत. बोटांत चोळूनही पाहिलं नाही. गाडीला त्यांचंच एरंडेल हवं, हे आता मी कोणत्या तोंडानं सांगू?