ठिपक्यापुढचे छटाक

मास्तरसाब, आज दुपारी शाळेतल्या दोन तरुण बाया माझ्याकडं आल्या होत्या, सहावीच्या गणिताच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन. दशांशात पोरं धडाधड नापास झालेली. "आजी, ह्यांना काहीच येत न्हाय, परत पाचवीपासून सुरू करावं का?" असं विचारत होत्या. मी चष्मा लावला, गठ्ठा मांडीवर घेतला आणि गुण बघितलेच नाहीत. चुकलेली उत्तरं तेवढी वाचत गेले आणि कुठली चूक कुठल्या चुकीच्या भावकीतली, ते बघून पेपरांचे वेगवेगळे ढीग लावत गेले. त्या दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या, म्हातारीला काय झालं म्हणून. बघेनात का. पोराची चूक अशी वाचायची असते हे मला तुमच्याकडून मिळालंय, आणि त्याचा मला लई अभिमान आहे. तो मी कधी लपवला नाही, आज तर मुळीच लपवणार नाही.

उमरग्याची ती शाळा तुम्हाला आठवत असंल का? निजामाचं राज्य, वरच्या शाळेत सगळं उर्दूत. माझं घर कानडी, चौथीपर्यंतची शाळा मराठी, आणि पाचवीत गेले तर गणिताचं नाव हिसाब झालेलं. वर्गात पोरी आम्ही दोघीच, दाराजवळच्या तरटावर बसायचो. अप्पांचं डाळी-गुळाचं दुकान होतं आणि मी तागडीपाशीच वाढले. एका शेराचे सोळा छटाक, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून येत होतं. मला मोठ्या शाळेत घालायचं अप्पांच्या मनात नव्हतंच. आई, आमची अव्वा, हटून बसली म्हणून घातलं, पण घालताना त्यांनी सांगून ठेवलं होतं, "एकदा जरी नापास झाली, तरी शाळा बंद. मग माझ्याशी हुज्जत घालायची न्हाय." अव्वानं मान हलवली होती. ती अट माझ्या डोक्यावर टांगलेली असायची.

आणि झालं तेच. मराठी शाळेतनं आलेल्या पोरांना हिसाब कितपत येतो हे तपासायचं आणि न येणाऱ्यांना चौथीत परत धाडायचं, असा सदर मुदर्रिसांनी, म्हणजे आपल्या हेडमास्तरांनी, हुकूम काढला. परीक्षा तुम्ही घेतली. बेरजा, गुणाकार मी झपाझप केले. मग आलं आशारिया, म्हणजे दशांश. आकडा, मग ठिपका, मग आकडा. वर्गात ते नुकतंच सुरू झालेलं, सगळं उर्दूत, आणि मला वाटलं की मला ते बरोबर कळलंय. चार ठिपका नऊ आणि तीन ठिपका आठ यांची बेरीज मी आठ ठिपका एक लिहिली. तशीच सगळी लिहिली आणि खुशीत घरी आले. दुसऱ्या दिवशी कळलं की दशांशातलं एकही बरोबर नाही, आणि मी नापास. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं नाही, राग आला. माझी गणितं मी दोनदा पडताळून बघितली होती. चुकली असतील तर कुठं, एवढं तरी कुणी सांगावं की नाही?

सगळी पोरं घरी जातायत, मी दप्तर पोटाशी धरून व्हरांड्यात उभी आहे. घरी जायचं म्हणजे अप्पांना सांगायचं. तुम्ही हातात माझा पेपर घेऊन बाहेर येता. काळी शेरवानी, तिच्या बाहीला खडूची पूड. "इधर आ बेटी," तुम्ही म्हणता, "आशारियाची सगळी गणितं चुकलीस ते समजलं. पण सगळी एकाच रीतीनं कशी चुकलीस? ज्याला येत न्हाय त्याची चूक अशी शिस्तीत नसती. हे आठ ठिपका एक कसं आणलंस? उर्दू नक्को, घरात बोलतीस तसं सांग."

मी तणतणतच सांगितलं, "त्यात काय सांगायचं? नऊ छटाक न आठ छटाक सतरा छटाक. त्यातला एक शेर झाला, एक छटाक उरला. चार न तीन न एक, आठ शेर एक छटाक."

तुम्ही पेपर जवळ धरून परत बघितलात. मग म्हणालात, "पाच ठिपका दोन मधनं एक ठिपका सात काढ." मी लगेच म्हणाले, "तीन शेर अकरा छटाक." तुम्ही हसायला लागलात. मला चिडवायला नव्हे, हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस हसतो तसं. माझा राग तिथंच निम्मा उतरला.

नंतर तुम्ही हेडमास्तरांच्या खोलीत गेलात. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, "जवाब गलत है तो लडकी फेल है." तुम्ही म्हणालात, "फेल है साहब, मैंने ही किया. लेकिन हिसाब गलत नहीं है. तिनं ठिपक्यापुढं सोळा धरले, कारण दहा धरायचे हे मी तिला समजेल असं सांगितलंच न्हाय. वह कसूर मेरा है. उद्या आप खुद इम्तिहान लो." त्या काळी हेडमास्तरासमोर मास्तरानं स्वतःची चूक कबूल करणं म्हणजे चेष्टा नव्हती, नोकरीवर यायचं. एका दुकानदाराच्या पोरीसाठी तुम्ही ते केलंत. माझा ऊर तेव्हा जो भरून आला तो अजून तसाच आहे.

बाहेर आल्यावर तुम्ही कडब्याचं एक धाट उचललंत, चाकूनं त्याचे दहा सारखे तुकडे केलेत आणि पायरीवर मांडलेत. "ही तुझी तागडी न्हाय. इथं एकाचे दहाच होतात. सोळा दुकानात, दहा शाळेत." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी स्वतः गणितं घातली. एका वजाबाकीला माझा हात सवयीनं सोळाकडं गेला, थांबला, आणि परत दहावर आला. सगळी बरोबर आली.

संध्याकाळी तुम्ही दुकानात आलात. गिऱ्हाइकं होती, अप्पा डाळ तोलत होते. तुम्ही काही लपवलं नाही. "शेटजी, तुमची मुलगी परवाच्या परीक्षेत नापास झाली आणि आजच्या परीक्षेत पास झाली. दोन्ही खरं. परवा ती तुमच्या तागडीनं बरोबर होती, आज माझ्या हिसाबानं बरोबर आहे. अटीचं काय ते तुम्ही बघा, पण असं डोकं घरी बसवू नका." तुम्हाला अटीचं अव्वानं सांगितलं होतं हे मला पुढं कळलं. अप्पांनी तागडी खाली ठेवली, मला एक वजाबाकी घातली आणि म्हणाले, "दोन्ही रीतीनं सांग." मी सांगितली. अप्पा गिऱ्हाइकाकडं वळून म्हणाले, "बघा, आमच्या पोरीला दोन्ही येतंय." शाळा बंद करायचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

पुढं राज्य गेलं, शाळा मराठी झाली, तुम्ही मुलाबाळांसकट हैदराबादला गेलात आणि तिकडंच वारलात, एवढंच कानावर आलं. मी मास्तरीण झाले. चुकलेल्या पोराला आधी "कसं केलंस ते सांग" असं विचारल्याशिवाय मी कधी शून्य दिलं नाही, आणि माझ्या हाताखालच्या मास्तरांनाही देऊ दिलं नाही. आज त्या दोघींना ढीग दाखवले, एका ढिगातली सगळी पोरं एकाच रीतीनं चुकलेली. मग एकजण म्हणाली, "म्हणजे ह्यांना येतंय की, आजी." हे ऐकून मला जे वाटलं ते कुठल्या सत्कारात वाटलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, माझ्या उशीखालीच राहील. पण एक कबूल करते. त्या बाया गेल्यावर मी तुमच्या आठवणीनं व्याकुळ वगैरे झाले नाही. मला मिरवावंसं वाटलं. गावात मला सगळे जन्मापासून हुशार समजतात. मी एकदा नापास झाले होते हे माहीत असलेलं माणूस आता एकही उरलं नाही, आणि खरं मिरवायचं असतं ते त्याच माणसापुढं.